आयर्विनला किती? सांगलीच्या गणपती पेठेतले तीन दिवस

आईचं माहेर सांगलीचं, गावभागातलं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गणपती पेठेतल्या एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. मामांनी घर विकलं त्याला अकरा वर्षं झाली आणि त्यानंतर आईचं सांगलीला जाणंच झालं नाही. २०१९ चा पूर तिने पुण्यात टीव्हीसमोर बसून पाहिला. बातम्यांत होडी दिसली की ती पडद्याजवळ जायची आणि मागची दुकानं ओळखायचा प्रयत्न करायची. ‘पेठ कशी आहे ते एकदा बघून येऊ’ असं तेव्हापासून म्हणत होती. यंदा फेब्रुवारीत जमलं. नवी हळद बाजारात यायला लागते तेच हे दिवस, म्हणून मुद्दाम हीच वेळ साधली.

पहिला दिवस, बुधवार

कोयना एक्सप्रेसने संध्याकाळी सांगलीला उतरलो. रिक्षावाल्याला आईने सवयीने ‘स्टेशन चौकात सोडा’ म्हणून सांगितलं आणि मी गोंधळले, कारण आम्ही स्टेशनवरच तर उभ्या होतो. स्टेशन चौक गावात आहे आणि तिथे स्टेशन नाही. मिरजेहून येणारी जुनी मीटरगेज गाडी तिथवर यायची. ब्रॉडगेज आली, स्टेशन गावाबाहेर गेलं, चौकाचं नाव मात्र राहिलं. खोली त्या चौकाजवळच मिळाली. सामान टाकलं, तोंड धुतलं आणि चहासुद्धा न घेता आई चालायला लागली.

आधी गणपती. सांगलीत आलेल्या माणसाने आधी मंदिरात जायचं, मग कुणाच्याही घरी, असा आईच्या घरचा शिरस्ता होता. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेच्या काकांपासून वेगळं होऊन सांगली ही आपली राजधानी केली. तोवर हे कृष्णाकाठचं लहानसं गाव होतं. सहा गल्ल्यांचं म्हणून सांगली, असं जुनी माणसं सांगतात. आप्पासाहेबांनी खंदकासह गणेशदुर्ग बांधला आणि १८११ मध्ये नदीकाठी गणपतीच्या मंदिराला हात घातला. काळ्या दगडाचं ते काम पुरं व्हायला तीसेक वर्षं लागली. काठावरचीच जागा, त्यामुळे जोतं भराव घालून चांगलं उंच घेतलेलं आहे. मी पायऱ्या नुसत्या चढून गेले. आई एकेका पायरीवर थांबत होती. ‘इथवर पाणी आलं की शाळेला सुट्टी,’ असं ती एका पायरीपाशी म्हणाली. नक्की कुठली पायरी, ते तिला अजून पाठ आहे.

पेठ मंदिरापुढूनच सुरू होते. आम्ही शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि थंडी उतरू लागली होती. रस्ता अरुंद. दोन्ही अंगांना दुमजली दुकानं, काहींचे सागवानी खांब आणि वरच्या मजल्याचे लाकडी कठडे अजून शाबूत, काहींच्या जागी काच आणि पत्रा. हातगाडीवर पोती रचून हमाल उताराला लागला की माणसं आपोआप भिंतीला चिकटतात. वास एक नाही. मिरचीचा ठसका, गुळाचा गोडूस वास, ओल्या बारदानाचा, आणि खाली बसलेला हळदीचा. आई मधोमध उभी राहिली आणि डोळे मिटून तिने श्वास घेतला. मागून टेम्पोचा हॉर्न वाजला, तरी हलली नाही.

जाणाऱ्यांसाठी: पेठेत गाडी घेऊन शिरू नका. दिवसभर माल चढत-उतरत असतो आणि वळवायला जागा नाही. दुकानदारांशी निवांत बोलायचं तर दुकानं उघडल्या उघडल्या जा किंवा दुपारी दोन-तीनच्या सुमारास, जेवणं आटोपून माणसं गादीवर टेकलेली असतात तेव्हा. संध्याकाळ फक्त बघायला.

दुसरा दिवस, गुरुवार

सकाळी मार्केट यार्ड. हळदीचा ठोक व्यापार पेठेतून यार्डात गेला, ही गोष्ट आईला ऐकून माहीत होती, पण सौदे तिने कधीच पाहिले नव्हते. तिच्या वेळी बायकामुलींनी तिकडे जायचं नसे. आजोबा घरी यायचे ते हाता-पायाला आणि सदऱ्याच्या कफांना पिवळी पूड घेऊन, एवढीच तिची हळदीच्या धंद्याशी ओळख.

आडत्यांच्या दारांसमोर एकेका शेतकऱ्याच्या मालाची वकलं, म्हणजे वेगवेगळ्या थप्प्या, लावलेली होती. पोत्यांची तोंडं उघडी. खरेदीदारांचा घोळका एका वकलापाशी येतो, मुठीत हळकुंडं घेतो, मोडतो, आतला रंग बघतो, बोली चढते आणि मिनिटभरात घोळका पुढच्या वकलावर. बाजार समित्यांचा कायदा येण्याआधी हत्ता पद्धत होती. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा आणि ज्याचा माल त्यालाच कळायचं नाही काय चाललंय. आता भाव मोठ्याने बोलला जातो, शेतकरी शेजारी उभा असतो. एका वकलाशी डोक्याला उपरणं गुंडाळलेला शेतकरी उभा होता, त्याचे ओठ प्रत्येक आकड्याबरोबर हलत होते. बोली थांबली तसं त्याने उपरणं सोडून तोंड पुसलं. त्याला भाव बरा मिळाला की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही.

एका म्हाताऱ्या हमालाने आईला पुढे बोलावलं. ‘लांबून काय बघताय काकू, हात घाला की.’ आईने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. त्यांनी दोन हळकुंडं निवडली आणि एक तिच्या समोर मोडलं. काडकन आवाज आला. ‘असा आवाज आला की माल वाळलाय. नुसतं वाकलं, दबलं, तर समजायचं ओल हाय.’ मोडलेल्या तोंडाला गडद नारिंगी रंग होता, कडेला पिवळी रेघ आणि मधोमध किंचित चकाकी. त्यांनी ते आईच्या तळव्यावर घासलं. तो पट्टा रात्री जेवताना साबणाने धुऊनही होता.

त्यांच्याकडूनच पुढचं सगळं कळलं. हळद रानात आठ-नऊ महिने. काढली की गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. मग शिजवायची, पूर्वी गुऱ्हाळासारखी काहिलीत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये. मग दोन आठवडे उन्हात, रोज हात फिरवून. मग ड्रममध्ये घालून पॉलिश, तेव्हा कुठे ती पिवळी दिसते. शिजवताना कमी-जास्त झालं तर सगळ्या वर्षाची माती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं त्यांना कौतुक होतं. ‘पर नाव सांगलीचं हुतंच की आधीपास्नं,’ असंही म्हणाले. इथली ती राजापुरी आणि बाहेरच्या बाजारांतून येते ती परपेठ, असे सरळ दोन भाग त्यांच्या बोलण्यात होते.

सूचना: रविवारी किंवा सणाला जाऊ नका, सौदे नसतात. आदल्या दिवशी कुणा आडत्याला विचारून घ्यावं. हळदीची धूळ घशात बसते, तोंडाला रुमाल ठेवा. फिकट कपडे घालू नका.

दुपारी एका खानावळीत जेवलो. कृष्णाकाठचं वांगं, भरलेलं. बाहेरून हिरवट-पांढरं, आत बी अगदी कमी, आणि इतकं मऊ की देठ धरून उचललं तर गर ताटातच राहिला. ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा, वर कवडीचं दही. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘हे वांगं पुण्याला न्हेऊन लावलं तर असं हुईत न्हाई. गाळाची जमीन पायजे.’ पूर दर वेळी जो गाळ टाकून जातो, त्याच्यावरच हे वांगं पोसतं. नदीबद्दल इथे कुणी एका शब्दात बोलत नाही, त्याचं कारण मला त्या ताटात पहिल्यांदा समजलं.

जेवून पुन्हा पेठेत. आता आजोबांचं दुकान शोधायचं होतं. आईला खूण आठवत होती: दाराला दोन दगडी खांब आणि डावीकडच्या खांबावर, तिच्या लहानपणी तिच्या डोक्याच्या वर, कोरलेली आडवी रेघ. कधीतरीच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. तिचे वडील तिला त्या खांबाला पाठ लावून उभं करायचे आणि म्हणायचे, ‘अजून पाण्याएवढी झाली नाहीस.’

चार दुकानांत विचारलं. पाचव्यात सापडलं. आता तिथे प्लास्टिकच्या बरण्या, पत्रावळ्या, द्रोण असा माल आहे. खांब आहेत, पण ऑइलपेंटमध्ये बुडालेले, बाहेरून फिकट हिरवे. मालक पन्नाशीचे. आईने वडिलांचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, दुकान मधे दोन हात बदललेलं. तरी त्यांनी गादीवरची वही बाजूला केली, ‘बसा की काकू’ म्हणाले आणि पोराला चहाला पिटाळलं.

चहा येईपर्यंत त्यांनी आपल्या रेघा दाखवल्या. दुकानाच्या आतल्या भिंतीवर, मोजमापाच्या पट्टीसारख्या, एकाखाली एक. २००५. २०२१. आणि सगळ्यांच्या वर, छताच्या वाशापासून हातभर खाली, २०१९. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. इशारा पातळी चाळीस, धोका पातळी पंचेचाळीस. २००५ ला चोपन्नच्या आसपास पाणी होतं. तेव्हा सगळे म्हणाले की याच्या वर जात नाही. म्हणून २०१९ ला पेठेतल्या पुष्कळांनी माल २००५ च्या रेघेच्या वर रचला आणि निर्धास्त झाले. पाणी त्याच्याही वर गेलं.

‘माळ्यावर होतं तेवढं वाचलं,’ मालक म्हणाले. ‘खालचं सगळं गेलं. आमचं प्लास्टिक हो, धुतलं निम्मं. पलीकडं किराणा होता, हळद होती. पाणी उतरल्यावर आठ दिवस पेठेत उभं राहवत नव्हतं. पोत्यात हळद फुगून, पोती फुटून रस्ताभर पिवळा चिखल. पावसाने धुतला तरी चौकटीच्या फटीतनं दिवाळीपर्यंत पिवळं निघत होतं.’ जुन्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली, तीही त्याच आठवड्यात. पेठेतल्या वह्या-खतावण्यांचं काय झालं ते आईने विचारलं. मालकांनी नुसता हात हलवला.

दुकानाला दोन वर्षांपूर्वी त्यांनी रंग दिला, पण त्या भिंतीची पट्टी कोरी सोडली. रंगारी म्हणत होता, वाईट दिसतंय, काढून टाकू. ‘म्हटलं, राहू दे. माझ्या पोराला कळायला नको, कुठवर चढवायचं ते?’

मग आई बाहेर डावीकडच्या खांबाशी गेली. रंग इतका जाड की रेघ दिसायचं नाव नाही. ती खांबाला समोरून भिडली आणि बोटांनी चाचपायला लागली, आधी कपाळाच्या उंचीवर, मग हळूहळू खाली. आतून मालकही येऊन उभे राहिले. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. गळ्याच्या जरा खाली तिचं बोट अडकलं. तिने ते डावीकडून उजवीकडे ओढलं, पुन्हा परत आणलं. ‘ही बघ.’ मी हात लावला. रंगाच्या थरांखाली बोटभर लांबीची खाच, कडा गुळगुळीत. वर्ष वगैरे काही नाही. मालक एवढी वर्षं त्या खांबाला टेकून उभे राहत होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढून रंगावरच तिथे एक बारीक फुली मारली.

पेठेवरचा मजकूर शोधाल तर संस्थान, राजधानी, बाजारपेठ एवढंच हाती लागेल, आणि तेही हवंच. पण पाणी कुठवर आलं, त्या वर्षी कुणी काय वाचवलं, ते या भिंतींवर आहे, आणि प्रत्येक नूतनीकरणात दोन-चार भिंती पुसल्या जातायत. सांगलीत राहणाऱ्या कुणी मोबाइलवर नुसते फोटो काढून, शेजारी दुकानाचा पत्ता लिहून ठेवला तरी मोठं काम होईल. मी त्या दुपारी अकरा दुकानांतल्या रेघा टिपल्या. एकानेही नाही म्हटलं नाही. उलट पुढच्या दुकानात सोडायला सोबत आले.

संध्याकाळी आयर्विन पूल. १९२९ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते खुला झालेला, दगडी कमानींचा. फेब्रुवारीतली नदी खाली कुठेतरी शांत, काठावर वांग्यांच्या बागा, म्हशी पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हत्या. एवढं सगळं साडेसत्तावन्न फुटांखाली कसं असेल, याचा अंदाज बांधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आई कठड्याशी उभी राहून सांगत होती, की पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली तर ‘कसं काय’ नंतर विचारतात, आधी विचारतात ‘आयर्विनला किती?’

तिसरा दिवस, शुक्रवार

सकाळी हरिपूर. रिक्षाने पंधरा मिनिटं. कृष्णा-वारणेचा संगम आणि काठावर संगमेश्वराचं देऊळ. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये आप्पासाहेबांच्या आश्रयाने सांगलीत पहिलं मराठी नाटक उभं केलं आणि तेव्हापासून हा सगळा परिसर नाटकवेडा, हे आईचं लाडकं वाक्य. संगमावर धुकं होतं. दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात म्हणतात, आम्हाला एकच राखाडी दिसला.

मला मात्र पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, बघायची होती. हळदीची पेठ सांगलीत का जमली, याचं मोठं उत्तर हरिपूरच्या मातीत आहे. इथली जमीन अशी की खोल खणलं तरी ढासळत नाही आणि ओल धरत नाही. तीन-चार पुरुष खोल खड्डा, माठासारखा. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. शेणाने सारवून, पाचट अंथरून हळद भरायची, तोंडावर फरशी, वर माती. आतली हवा संपली की कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते, रंगही चढतो. भाव पडला तर पेवात टाकायची, चढला की काढायची. गोदामं नव्हती तेव्हा ज्या पेठेपाशी अशी जमीन, तिच्याकडे लांबून माल येणार हे उघड आहे. आपण ‘पेव फुटलं’ म्हणतो ते याच्यावरून. तोंड उघडलं की आतलं धान्य बाहेर लोटतं, ते.

एका शेतकऱ्याने वापरात नसलेलं पेव दाखवलं. मातीने निम्मं बुजलेलं, कडेला घाणेरीची झुडपं. २००५ च्या पुरात आसपासची बरीच पेवं पाण्याने भरली आणि खचली. जी वाचली त्यांतली थोडी चालू आहेत, बाकी लोक शीतगृहात आणि गोदामात माल ठेवतात. पेव उघडलं तरी लगेच उतरायचं नाही, काही तास उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. ‘आमच्या आज्याच्या वक्ताला घाई केली एकानं,’ एवढं बोलून ते गप्प झाले. आम्ही पुढे विचारलं नाही.

हरिपूरला जायचं तर ऊन चढायच्या आत जा. पेवं खासगी रानांत आहेत, आधी विचारा, आणि झाकणावर पाय देऊ नका. परतताना भडंग घ्यायचा असेल तर समोर परतून देणाऱ्याकडून घ्या, लसूण नीट तळलेला लागतो.

गाडीच्या आधी आईने पेठेतून दोन किलो हळकुंडं घेतली. दुकानदार पूड देत होता, तिने घेतली नाही. एक हळकुंड उचललं, कानाजवळ नेऊन काडकन मोडलं आणि मान डोलावली. मग प्लास्टिकच्या बरण्यांच्या दुकानात जाऊन मालकांचा फोन नंबर घेतला आणि आपला दिला.

हे लिहून पुरं करायला जुलै उजाडला. चार दिवस घाटावर पाऊस धरून आहे, कोयनेतून पाणी सोडणार असं सकाळी टीव्हीवर सांगत होते. आईने आवाज बंद केला आणि फोन लावला.

‘आयर्विनला किती?’

पलीकडचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. ‘तेवीस फूट, काकू. अजून काही चढवलं नाही वर. दुपारी परत सांगतो.’